'तो माणूस' कोण? : एका तक्रारपत्राची गोष्ट



निबंध तपासताना आपण नेमकं काय पाहतो? ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, परिच्छेद, सुरुवात आणि शेवट. मी बावीस वर्षं हेच पाहत आले. पण मागच्या वर्षी एका वहीतली एक ओळ मी तपासली आणि वाचली मात्र नाही. त्या ओळीची ही गोष्ट आहे.

मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, काही गाळले आहेत. तिच्या आईला विचारूनच लिहिते आहे. तिलाही विचारलं. ती म्हणाली, "लिहा बाई, पण माझ्या घराचा रंग सांगू नका." तेवढं मी पाळणार आहे. तिला इथे मी चिमणी म्हणते. का, ते पुढे कळेल.

दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून सहावीला 'माझा आवडता खेळ' हा निबंध दिला होता. सुट्टी संपल्यावर 43 वह्या टेबलावर आल्या. क्रिकेट, कबड्डी, लगोरी, पुन्हा क्रिकेट. 'या खेळात अकरा खेळाडू असतात' हे वाक्य मी त्या दिवशी निदान पंधरा वेळा वाचलं असेल. चिमणीचा निबंध मात्र वेगळा होता. मोबाईलवरच्या एका खेळाबद्दल तिने लिहिलं होतं. त्यात ठोकळे रचून घर बांधायचं, बाग करायची, आपलं एक बाहुलीसारखं पात्र असतं ते घेऊन हिंडायचं. जगभरातली मुलं त्या गावात येतात, एकमेकांची घरं बघतात, लिहून गप्पा मारतात. तिने लिहिलं होतं, "माझ्या घराला तीन खिडक्या आहेत. खऱ्या घराला एकच आहे." आणि पुढची ओळ होती, "पण मी आता तिथे जात नाही कारण तो माणूस दर वेळी दारात उभा असतो."

मी 'तो माणूस' या शब्दांभोवती लाल गोल केला. समासात लिहिलं, "कोण? आधी उल्लेख नाही. वाक्य विषयाला सोडून आहे." दहापैकी सहा गुण दिले आणि पुढची वही ओढली.

चुका दुरुस्त करून निबंध पुन्हा लिहून आणायचा, हा आमच्या वर्गाचा नियम. चिमणीने आणला. त्यात ती ओळ नव्हती. "मी तिथे घर बांधले आहे. मला ते खूप आवडते." एवढंच. मी बरोबरची खूण केली आणि सही केली.

जानेवारीत पालकसभा होती. चिमणीची आई शिवणकाम करते, कधी नव्हे ती वेळ काढून आली होती. अभ्यासाचं बोलून झालं आणि ती हसत म्हणाली, "बाई, एक मात्र देवच पावला. हिचा मोबाईल सुटला. पूर्वी मशीनवरून माझा फोन ओढून न्यायची. आता दिला तरी नको म्हणते. मेसेजचा आवाज झाला तरी उठून आत जाते."

मी म्हणाले, "वा, छान झालं." आणि रजिस्टरवर तिची सही घेतली. बाजूला बसलेल्या दोन आया म्हणाल्या, आमच्या पोरांना पण सांगा काहीतरी.

संध्याकाळी घरी कुकर लावताना ते शेवटचं वाक्य डोक्यात आलं. मेसेजचा आवाज झाला तरी उठून आत जाते. मोबाईल सुटलेलं मूल आवाजाला दुर्लक्ष करेल. उठून आत का जाईल? मग दिवाळीची वही आठवली. लाल गोल आठवला. 'कोण?' हा प्रश्न मीच विचारला होता. योग्य प्रश्न होता. फक्त तो मी वाक्यरचनेला विचारला होता, मुलीला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वाचनालयातली पुस्तकं लावायला म्हणून तिला सोबत घेतलं. समोर बसवून चौकशी केली असती तर ती बोलली नसती. दोघींचे हात पुस्तकांत होते. मी म्हणाले, "तो माणूस अजून उभा असतो का गं दारात?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही ते विषयाला सोडून आहे म्हणालात ना, बाई."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सुरुवातीला तो चांगला होता. छप्पर कसं घालायचं ते त्याने शिकवलं, खेळातली नाणी भेट दिली. आपणही सातवीत आहोत असं सांगितलं. मग विचारू लागला, शाळा कोणती, गाव कोणतं, घरात कोण कोण असतं, फोन कुणाचा. मग फोटो मागितला. आधी साधा. मग असा, की कुठलीही आई आपल्या लेकीचा तसा फोटो कुणाला देणार नाही. कुणाला सांगितलंस तर तुझं घर पाडीन, हेही म्हणाला. चिमणीने फोटो दिला नाही. तेव्हापासून त्याचं पात्र तिच्या दारात उभं राहू लागलं. ती बाहेर आली की तिला ढकलायचं, घाण शब्द लिहायचं, इतर मुलं येताच शहाण्यासारखं बाजूला व्हायचं.

"मग तू काय म्हणायचीस त्याला?"

"म्हणायचे, आई बोलावतेय. जेवायचं आहे. चार्जिंग संपलं."

मला चिमणी-कावळ्याची गोष्टच आठवली. कावळा दार ठोठावत राहतो आणि चिमणी आतून एकेक कारण सांगत राहते. आपण पिढ्यान् पिढ्या ही गोष्ट मुलांना सांगतो आणि ती हसतात. त्या चिमणीला सरळ 'नाही, तू जा' असं म्हणता येत नाही, याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. मोठ्यांना उलट बोलू नये, हे आपण इतकं पक्कं शिकवतो की परक्या माणसालाही मूल कारणंच देत बसतं.

"घरी का नाही सांगितलंस?"

"आई फोन काढून घेईल. आणि म्हणेल, तू कशाला बोललीस त्याच्याशी."

अकरावीतल्या चुलतभावाला तिने सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, ब्लॉक कर ना, त्यात काय. तिने केलं. चार दिवसांनी तो दुसऱ्या नावाने आला. आणि मग एक गोष्ट कळली, ती ऐकून मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. अकरा वर्षांच्या या मुलीने तक्रारीचं बटणही दाबलं होतं. स्वतः, एकटीने. पुढे इंग्रजीतली एक यादी उघडली. तिला त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला, 'स्पॅम'. आईच्या फोनवर नको ते कॉल आले की तो शब्द दिसतो. तिने तोच निवडला. खाली लिहायच्या चौकटीत 'ही इज बॅड' एवढं लिहिलं. लगेच आभाराचा ठरावीक निरोप आला आणि पुढे काहीच झालं नाही.

म्हणजे पाहा, या मुलीने तीनदा सांगितलं होतं. भावाला, त्या खेळाला आणि मला. आम्हा तिघांपैकी कुणालाही ते कळलं नाही.

त्या दुपारी मी मुख्याध्यापिकांकडे गेले. आईला बोलावून घेतलं. आईची पहिली प्रतिक्रिया चिमणीने सांगितली होती तशीच होती. "कशाला बोललीस गं त्याच्याशी?" मग ती रडायला लागली. आमच्या मॅडमनी तिला पाणी दिलं आणि फार मोलाचं बोलल्या, "ताई, पोरीने फोटो दिला नाही. एवढ्या लहान वयात ती नाही म्हणाली. आधी तिला शाबासकी द्या."

संगणकाचे सर, आई, चिमणी आणि मी एकत्र बसलो. सरांनी आधी खातं पाहिलं. ते चुलतभावाने उघडून दिलं होतं आणि जन्मवर्ष खोटं टाकलं होतं. अशा बऱ्याच खेळांत तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी गप्पांवर जास्त बंधनं असतात. खोट्या वयामुळे त्या जगाच्या दृष्टीने आमची सहावीतली मुलगी मोठी माणूस ठरली होती. सुदैवाने संदेशांची यादी तशीच होती. सरांनी पडद्याची चित्रं घेतली. त्या माणसाची दोन्ही नावं अक्षर न् अक्षर, आकड्यांसकट, कागदावर उतरवली. चिमणीला नावं तोंडपाठ होती.

मग आम्ही तक्रार लिहायला बसलो, आणि मला माझा विषय सापडला. सरांनी म्हटलं, "बाई, पत्रलेखन तुमचं." आपण दर वर्षी मुलांकडून तक्रारपत्र लिहून घेतो. नळाला पाणी येत नाही, कचरा उचलला जात नाही, मागवलेली पुस्तकं फाटकी आली. विषय, दिनांक, ठिकाण, मजकूर, मागणी. सरांनी मला उदाहरण म्हणून 'सेकंड लाइफ' या 2003 मध्ये सुरू झालेल्या आभासी जगातला तक्रारीचा फॉर्म समजावून सांगितला. त्यात तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्या पात्राचं नाव, घटना घडली ती जागा, गैरवर्तनाचा प्रकार आणि काय घडलं त्याचा तपशील लिहायचा असतो. सोबत त्या क्षणाचं चित्र जोडता येतं. मी पाहत राहिले. हा तर आपल्याच तक्रारपत्राचा आराखडा! फक्त 'मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद' यांच्या जागी एक न दिसणारा वाचक आहे. तोही मजकूर वाचूनच निर्णय घेणार. 'तो वाईट आहे' हे वाचून त्याला काय कळणार?

चिमणी सांगत गेली, मी लिहीत गेले, सरांनी सोप्या इंग्रजीत उतरवलं. अमुक तारखेला, या वेळी, माझ्या घराच्या दारात, या नावाच्या खेळाडूने हे शब्द लिहिले. मी अकरा वर्षांची आहे. त्याने माझ्याकडे असा फोटो मागितला. मी नाही म्हटल्यावर घर पाडण्याची धमकी दिली. ब्लॉक केल्यावर या दुसऱ्या नावाने आला. यादीतला योग्य प्रकार निवडला. तक्रार पाठवली आणि मगच ब्लॉक केलं.

बाहेर पडताना आईने विचारलं, "पण बाई, एवढं सगळं कशाला? खेळच तर आहे. काढून टाकू फोनमधून, संपलं." हा प्रश्न पुष्कळ पालकांच्या मनात असतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

1993 साली 'लॅम्डामू' नावाचं एक आभासी जग होतं. त्यात चित्रं नव्हती, आवाज नव्हता, नुसता मजकूर. लोक शब्दांनीच खोल्या रचायचे आणि शब्दांनीच वावरायचे. तिथे एका पात्राने इतरांच्या पात्रांवर शब्दांतूनच लैंगिक अत्याचार केले. जणू ती पात्रं स्वतःच तसं वागत आहेत असं सगळ्यांना वाचायला लागलं. पीडितांपैकी एका स्त्रीने दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर निषेध लिहिला. ज्युलियन डिबेल या लेखकाने त्याच वर्षी 'द व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात या घटनेवर लेख लिहिला. ते शब्द लिहिताना आपल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, असं तिने पुढे त्याला सांगितलं. ही शिकलेली, प्रौढ बाई होती आणि समोर फक्त अक्षरं होती. आमची चिमणी अकरा वर्षांची, आणि तिने ते घर स्वतःच्या हाताने बांधलेलं. लॅम्डामूमधल्या लोकांनी सभा भरवली, वाद घातला, निर्णय काही झाला नाही. शेवटी तिथल्या एका व्यवस्थापकाने स्वतःच्या अधिकारात ते पात्र काढून टाकलं. पण त्यानंतर त्या जगाचे संस्थापक पावेल कर्टिस यांनी रहिवाशांना प्रस्ताव मांडून मतदान करता येईल अशी पद्धत सुरू केली. एका तक्रारीने गावाला ग्रामसभा मिळाली म्हणा ना.

दुसरं उदाहरण 2016 चं. 'क्विव्हर' नावाच्या, डोळ्यांवर उपकरण लावून खेळायच्या धनुष्यबाणाच्या खेळात एका स्त्रीच्या पात्राशी दुसऱ्या खेळाडूने घाणेरडी लगट केली. तिने त्यावर जाहीरपणे लिहिलं. खेळ बनवणाऱ्यांनी ते मनावर घेतलं आणि हातांची एक विशिष्ट खूण केली की जवळचे खेळाडू दिसेनासे होतील अशी सोय केली. ती बाई नुसती खेळ काढून टाकून गप्प बसली असती तर? दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला तेच आलं असतं. खेळ काढून टाकला की आपली मुलगी बाहेर येते. तो माणूस आतच राहतो, आणि आत बाकीची मुलं असतात.

आणि कायदाही आहे. फोटो मागण्याची गोष्ट कळल्यावर मॅडम म्हणाल्या, आता हे नुसतं शाळेतलं राहिलं नाही. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 2012 चा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, त्यात लैंगिक हेतूने मुलाशी इलेक्ट्रॉनिक माध्यमातून वारंवार संपर्क साधणं हाही गुन्हा आहे. कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळतं, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी तर नक्कीच. न कळवल्यास शिक्षा आहे. 'आपण आपसात मिटवू' याला इथे जागाच नाही.

आई घाबरली. "गावात बोभाटा होईल, बाई. पोरीचं नाव होईल." ही भीती खोटी नाही, मी तिला खोटी म्हटलंही नाही. पण मॅडमनी सांगितलं की मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे, आणि मुलाचा जबाब घरीही घेता येतो. तसंच झालं. एक महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत घरी आल्या. शिलाई मशीनच्या शेजारी बसून त्यांनी चिमणीचं सगळं ऐकलं. मध्ये एकदाही 'तू कशाला बोललीस' म्हणाल्या नाहीत. त्या गेल्यावर चिमणी आईला म्हणाली, "त्या पोलीस वाटल्याच नाहीत."

आता वर्गाकडे येते. हे सगळं चिमणीपुरतं ठेवून मला चैन पडेना. तिचा उल्लेख चुकूनही येऊ नये म्हणून तीन आठवडे थांबले. मग तक्रारपत्राचा पाठ घेतला तेव्हा नळ आणि कचरा बाजूला ठेवले. विषय दिला : 'ऑनलाइन खेळात एक खेळाडू तुमच्या मित्राला रोज त्रास देतो. खेळाच्या व्यवस्थापकांना तक्रारपत्र लिहा.'

पहिल्या खेपेला बहुतेकांनी लिहिलं, 'तो खूप वाईट वागतो, त्याच्यावर कडक कारवाई करावी.' एकाने लिहिलं, 'त्याला फाशी द्यावी ही नम्र विनंती.' वर्ग हसला, मीही हसले. मग फळ्यावर सहा शब्द लिहिले : कोण, कुठे, कधी, काय, किती वेळा, काय हवं. पुन्हा लिहायला सांगितलं. दुसऱ्या खेपेची पत्रं वाचून मी थक्क झाले. 'वाईट वागतो' याच्या जागी 'आईवरून शिवी लिहितो' आलं. 'त्रास देतो' याच्या जागी 'माझ्या रंगावरून काळ्या म्हणतो, सोमवारपासून पाच वेळा' आलं. हे काही कल्पनेतून आलेलं नव्हतं.

मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, समजा आपणच तसं केलं असेल तर?"

वर्ग एकदम शांत झाला. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून त्या ठोकळ्यांच्या गावात लहान मुलांची घरं पाडतात, असं त्याने सांगितलं. मजा म्हणून. मूल रडण्याचं चिन्ह पाठवतं, मग अजून मजा येते. मी रागावणार होते, पण आवरलं. तो सांगत होता, आणि सांगणाऱ्याला शिक्षा झाली की पुढचा कुणी सांगत नाही, एवढं मी नुकतीच शिकले होते. मी त्याला तेच पत्र घर पाडलेल्या मुलाच्या बाजूने लिहायला दिलं. त्याने लिहिलेल्या पत्रात मागणीच्या जागी एक ओळ होती : 'त्यांना विचारा की त्यांनी असे का केले.'

त्याच तासाला चहाडी आणि तक्रार यांतला फरक विचारला. आपणच तर मुलांना 'चहाड्या करू नकोस, जा जागेवर बस' म्हणत आलो. मीही शेकडो वेळा म्हटलं असेल. वेगवेगळी उत्तरं आली. एक मुलगी म्हणाली, "चहाडी करताना मजा वाटते. तक्रार करताना पोटात गोळा येतो." याहून चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

शिक्षक आणि पालकांसाठी, या सगळ्यातून मी जे शिकले ते थोडक्यात :

1. मूल काही सांगू लागलं की पहिल्या पाच मिनिटांत फोन काढून घेऊ नका आणि 'तू कशाला' हा शब्द उच्चारू नका. शिक्षेच्या भीतीनेच मुलं गप्प राहतात, आणि समोरच्या माणसाला ते पक्कं माहीत असतं.

2. आधी पुरावा, मग तक्रार, मग ब्लॉक. घाईने सगळं पुसून टाकू नका. खेळाडूचं नाव आकड्या-चिन्हांसकट, तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा, पडद्याचं चित्र घ्या. मात्र मुलाचा आक्षेपार्ह फोटो असेल तर त्याची चित्रं घेऊ नका, तो कुणालाही पाठवू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवर तर नाहीच. फोन आहे तसा पोलिसांना दाखवा.

3. तक्रारीच्या यादीतले इंग्रजी शब्द मुलांसोबत एकदा बसून वाचा. हॅरॅसमेंट म्हणजे छळ, बुलिंग म्हणजे दादागिरी, थ्रेट म्हणजे धमकी. शब्द माहीत नसेल तर बटण असूनही नसल्यासारखं.

4. खातं खऱ्या वयाने उघडा. खोट्या वयाने मुलाभोवतीचं कुंपण आपणच काढून टाकतो.

5. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098 आहे, ती दिवसरात्र चालू असते. सायबर गुन्ह्यांसाठी 1930 हा क्रमांक आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर तो लगेच लावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांविषयीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. धोका समोर असेल तर सरळ पोलीस ठाणं किंवा 112.

चिमणीच्या तक्रारीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. अकराव्या दिवशी उत्तर आलं की नियमभंग आढळला असून कारवाई केली आहे. काय कारवाई, ते सांगितलं नाही. दोन्ही नावं आता त्या गावात दिसत नाहीत. तिसऱ्या नावाने तो कुठे आहे का, कोण जाणे. पोलिसांचा तपास चालू आहे. तो कोण होता, सातवीतला की सत्तेचाळीस वर्षांचा, ते आम्हाला आजही ठाऊक नाही. माझ्या लाल शाईतल्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेलं नाही.

चिमणी परत खेळू लागली आहे, आठवड्यातून दोनदा, आई मशीनवर असते तेव्हा तिच्या शेजारी बसून. आईला आता त्या घराच्या तिन्ही खिडक्या माहीत आहेत.

वर्षाअखेरीस वह्या परत देताना ती थांबली. म्हणाली, "बाई, दिवाळीचा तो निबंध पहिल्यासारखा पुन्हा लिहून आणू का?"

मी तिची वही मागून घेतली, ते पान काढलं. लाल गोल तसाच होता. त्यावर रेघ मारली, समासातली माझी ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "वाक्य बरोबर आहे. बाईंची चूक." खाली तारीख घालून सही केली.